साडेसात लाखांची अट कुठे गेली? महाराष्ट्राच्या ४८ लोकसभा सदस्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेवर निवडून गेलेले सर्व सन्माननीय सदस्य

विषय : लोकसंख्या वाढत गेली, खासदार तेवढेच राहिले, त्याबद्दल

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कुठल्या एका पक्षाच्या खासदाराला लिहीत नाही, तुम्हा ४८ जणांना मिळून लिहितो आहे. विषयच असा आहे की सगळे एका बाजूला उभे राहिलात तरच काही हाती लागेल. आधी एका सकाळची गोष्ट सांगतो. माझ्या डोक्यात हा विषय तिथूनच शिरला.

गेल्या वर्षी माझ्या मेहुण्याला कॅन्सरचं निदान झालं. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीकडे अर्ज करायचं ठरलं. सोबत खासदारांचं शिफारसपत्र असेल तर बरं, असं रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातल्या बाईंनी सुचवलं. म्हणून मी ठाणे जिल्ह्यातल्या एका खासदार संपर्क कार्यालयात गेलो. साडेनऊला पोचलो तर रांग जिन्यापर्यंत आलेली. दाराशी वहीत नाव लिहायचं. माझा नंबर ६१. माझ्या पुढच्या बाईंचा पीएफ अडकला होता. त्यांच्या शेजारचा मुलगा गोरखपूरच्या गाडीचं वेटिंगचं तिकीट घेऊन आला होता, आपत्कालीन कोट्यातून ते कन्फर्म व्हावं म्हणून त्याला पत्र हवं होतं. एका सोसायटीचे तिघं पाण्याची तक्रार घेऊन बसले होते, खरं तर ती महापालिकेत न्यायची. दीड वाजता माझी पाळी आली. स्वीय सहायकाने कागद नीट पाहिले, खर्चाचं अंदाजपत्रक तपासलं, एक झेरॉक्स कमी होती ती समोरून आणायला सांगितली. माणूस शांतपणे, आपुलकीने वागला. पत्र अकराव्या दिवशी हातात पडलं.

निघताना मी विचारलं, साहेबांची भेट होऊ शकेल का? तो म्हणाला, "काका, रोज दीडशेच्या आसपास लोक येतात. त्यातली दहा-बारा प्रकरणं साहेबांच्या टेबलावर जातात. कुठली जायची ते मीच बघतो."

त्याच्या बोलण्यात मग्रुरी नव्हती. दीडशेतून दहा कुणीतरी निवडावेच लागतात. पण लोकलमध्ये उभ्याने घरी येताना तेच वाक्य मनात घोळत राहिलं. खासदार मी निवडून दिला, पण त्यांच्यापर्यंत कोण पोचणार हे ज्याला मी कधी मत दिलं नाही तो माणूस ठरवतो, आणि त्याच्याजवळही दुसरा इलाज नाही. त्या कार्यालयाला मी दोष देत नाही. घरी आल्यावर मात्र कागद-पेन घेऊन बसलो.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी भरली. लोकसभेच्या जागा ४८. म्हणजे एका खासदारामागे साधारण २३ लाख ४० हजार माणसं. हे ४८ जिच्यावरून ठरले, त्या १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ५.०४ कोटी होती, तेव्हा हाच आकडा साडेदहा लाख होता. आणि ही २०११ ची गोष्ट झाली. त्यानंतरच्या वाढीची मोजणी अजून व्हायची आहे. तुम्हाला मिळणारा खासदार निधी वर्षाला ५ कोटी. तो माणशी वाटला तर २१ रुपये येतात. केंद्रीय विद्यालयाच्या प्रवेशांचा कोटा आठवतो ना? प्रत्येक खासदाराला वर्षाला १० जागा होत्या. दहा जणांना प्रवेश द्यायचा आणि शेकडो पालकांचा रोष ओढवून घ्यायचा, त्यापेक्षा कोटा वाढवा नाहीतर बंद करा, असं तुमच्या सभागृहातल्याच सदस्यांनी सांगितलं आणि २०२२ मध्ये तो बंद झाला. त्या दहा जागांच्या मागे जी अडचण होती, तीच तुमच्या कार्यालयातल्या प्रत्येक टेबलावर रोज येते.

आता मुद्द्यावर येतो. संविधान लागू झालं तेव्हा अनुच्छेद ८१ मध्ये एक अट होती. दर साडेसात लाख लोकसंख्येमागे किमान एक सदस्य असलाच पाहिजे, आणि दर पाच लाखांमागे एकाहून जास्त नको. हे वाचलं तेव्हा मी थबकलोच. संविधान करणाऱ्यांनी लोकसभेत किती माणसं बसतील एवढाच विचार केला नव्हता, एका माणसाच्या पाठीवर किती लोकांचा भार टाकायचा यालाही हद्द घातली होती. पहिल्या निवडणुकीत ४८९ जागा होत्या, देशाची लोकसंख्या ३६ कोटी. हिशेब त्या हद्दीत जेमतेम बसत होता. पण सभागृह ५०० च्या आत ठेवायचं होतं आणि लोकसंख्या थांबणार नव्हती. म्हणून १९५२ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने साडेसात लाखांची अट काढून टाकली. तेव्हापासून एका खासदारामागे जास्तीत जास्त किती माणसं चालतील, याला कायद्यात मर्यादाच नाही. पंचवीस लाख चालतात, तीस लाखही चालतात. २०२४ मध्ये तेलंगणातल्या मलकाजगिरी या एकाच मतदारसंघात ३७ लाखांहून अधिक मतदार होते. माणसं नव्हे, नुसते मतदार. (लक्षद्वीपमध्ये ते साठ हजारांच्या आत आहेत. ते समजण्यासारखं आहे, बेटांना एक तरी प्रतिनिधी हवाच.)

ही अट गेल्यावरही काही वर्षं दर जनगणनेनंतर जागा वाढत होत्या. १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, ४२ व्या घटनादुरुस्तीने त्या गोठवल्या. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं त्यांच्या जागा कमी व्हायला नकोत, हे कारण होतं. ते मला आजही पटतं. गोठवण्याची मुदत २००० नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत होती. मग ८४ वी घटनादुरुस्ती आली आणि मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत पुढे गेली. आता ती जनगणना दारात आली आहे. तिची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. म्हणजे पन्नास वर्षं बंद असलेलं दार उघडायची वेळ आली आहे, आणि सगळ्या देशाचं लक्ष एकाच गोष्टीकडे आहे : कुणाच्या जागा वाढणार, कुणाच्या घटणार.

ती भीती खोटी नाही. २०११ च्या आकड्यांवर आजच्याच ५४३ जागा नुसत्या लोकसंख्येने वाटल्या, तर ढोबळ हिशेबाने केरळच्या २० च्या १५ होतात, तमिळनाडूच्या ३९ च्या ३२, उत्तर प्रदेशच्या ८० च्या ९० आणि राजस्थानच्या २५ च्या ३१. केरळ आणि राजस्थान शेजारी ठेवून बघा. १९७१ मध्ये केरळात २.१३ कोटी लोक होते, राजस्थानात २.५८ कोटी. फार फरक नव्हता. २०११ मध्ये केरळात ३.३४ कोटी आणि राजस्थानात ६.८५ कोटी. चाळीस वर्षांत एक राज्य दीडपट झालं, दुसरं अडीचपटीहून जास्त. आज केरळचा खासदार १६ लाख ७० हजार लोकांचा आहे, राजस्थानचा २७ लाखांचा. यात चूक कुणाची? केरळातल्या ज्या आईने दोन मुलांवर थांबायचं ठरवलं तिची नाही. जयपूरच्या मतदाराचीही नाही. त्याच्या आजोबांना किती मुलं झाली, याचा जाब त्याने द्यायचा?

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेब आंबेडकर बोलले ते आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलं आहे. राजकारणात एक माणूस एक मत आणि एक मत एक मूल्य हे तत्त्व आपण मान्य करणार आहोत, असं त्यांनी सांगितलं होतं. राजस्थानच्या मतदाराकडून बघितलं तर ते मूल्य आज कमी भरतं. केरळच्या बाजूने बघितलं तर देशाने दिलेला शब्द पाळायला हवा. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. म्हणूनच पन्नास वर्षं कुणी या गाठीला हात लावला नाही.

पण या सगळ्या ओढाताणीत एक गोष्ट दिसेनाशी झाली, आणि तीच सांगायला हे पत्र आहे. राज्याराज्यांत जागा कशा वाटायच्या हा एक प्रश्न आहे. एका खासदारामागे किती माणसं असावीत हा दुसरा. पहिला राज्यांमधला आहे. दुसरा मी आणि माझा खासदार यांच्यातला. पहिल्याचं उत्तर सापडत नाही म्हणून आपण दुसराही अडवून ठेवला. केरळचा मतदार काय, राजस्थानचा काय, माझ्यासारखा महाराष्ट्रातला काय, १९७१ च्या तुलनेत प्रत्येकाचाच आपल्या खासदारातला वाटा आटला आहे. कुणाचा कमी, कुणाचा जास्त, पण वाढला कुणाचाच नाही.

तुम्हालाच का लिहितो, तेही सांगतो. देशाच्या लोकसंख्येत महाराष्ट्राचा वाटा २०११ मध्ये सव्वानऊ टक्क्यांच्या आसपास होता, लोकसभेच्या जागांत पावणेनऊच्या थोडा वर. नुसत्या लोकसंख्येने वाटलं तरी ४८ चे पन्नास होतील, त्याहून फार हलणार नाही. कुटुंबनियोजनात आपण दक्षिणेच्या बरोबरीने आहोत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत आपला एकूण जननदर (एका बाईमागे सरासरी किती मुलं) १.७ आहे, तमिळनाडू आणि केरळ १.८ वर आहेत. दुसरीकडे उत्तरेतून येणारी माणसं आपल्याकडे पोटापाण्याला लागतात, त्यामुळे त्यांचाही प्रश्न आपल्याला कळतो. या वाटणीत फार कमावण्यासारखं आपल्याला काही नाही आणि गमावण्यासारखंही नाही. भांडणाऱ्या दोन भावांमध्ये बसून बोलायला जो तिसरा लागतो, ती जागा महाराष्ट्राची आहे. ती तुम्ही घ्यावी, ही माझी विनंती आहे.

आणि महाराष्ट्राला हे दुखणं घरातूनही माहीत आहे. माझं मूळ गाव राजापूर तालुक्यात. वडील गिरणीत कामाला होते, तेव्हापासून आम्ही चाकरमानी. एक काळ राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघ होता. तिथून बॅरिस्टर नाथ पै निवडून जायचे, त्यांच्यानंतर १९७१ पासून सलग पाच वेळा मधु दंडवते गेले. नाथ पैंच्या सभेला चालत गेल्याची आठवण वडील शेवटपर्यंत सांगत असत. ती सांगताना "आमचा खासदार" हे शब्द ज्या तऱ्हेने त्यांच्या तोंडून यायचे, तसे मला कुणाबद्दल कधी म्हणता आले नाहीत. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत राजापूर लोकसभा मतदारसंघ गेला. रत्नागिरी-सिंधुदुर्ग असा एकच झाला, चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला रस्त्याने दोनशे किलोमीटरच्या वर. दापोली आणि गुहागर रायगडला जोडले गेले. विधानसभेचे खेड आणि संगमेश्वर हे मतदारसंघही नकाशावरून गेले.

कारण साधं होतं. राज्याच्या जागा तेवढ्याच ठेवून आतल्या सीमा २००१ च्या जनगणनेवर आखायच्या होत्या, आणि कोकणातली माणसं मुंबई-ठाण्याला निघून गेली होती. पुढच्या दहा वर्षांत तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली. त्याच दहा वर्षांत तेव्हाचा ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. तिथे चार खासदार, म्हणजे एकामागे साडेसत्तावीस लाख. गावाने माणसं गमावली म्हणून गावाचा मतदारसंघ गेला. माणसं ज्या शहरात आली तिथे खासदारामागची रांग वाढली. मी दोन्हीकडचा आहे. गावी गेलो की काकू विचारते, आपला खासदार आता कुठे असतो रे? आणि इथे मी जिन्यावर उभा असतो, नंबर ६१.

आमच्या वाडीत तेवीस घरं आहेत. चौदांना कुलूप असतं, गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. पण वाडीत येणारा रस्ता तेवढाच लांब आहे. साकवाखालचा व्हाळ पावसाळ्यात तेवढाच भरतो. आरोग्य केंद्र तेवढंच लांब आहे. माणसं घटली म्हणून काम घटलं नाही. म्हणून नुसती डोकी मोजून मतदारसंघ आखायला माझा विरोध आहे, आणि डोकी मोजायचीच नाहीत म्हणणाऱ्यांनाही माझा विरोध आहे. दुर्गम भागातला मतदारसंघ माणसांनी थोडा लहान आणि शहरातला थोडा मोठा असायला हरकत नाही. मात्र शहरातल्यालाही हद्द हवी.

जगात यावर वाटा शोधल्या गेल्या आहेत. युरोपीय संसदेत सगळ्यात लहान देशाला किमान ६ आणि सगळ्यात मोठ्याला कमाल ९६ जागा, असं करारातच लिहिलं आहे. मोठ्या देशाला जागा जास्त, पण माणशी बघितलं तर लहानाचा वाटा अधिक. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये ६५० सदस्य आहेत, एकामागे लाखभर माणसं. अमेरिकेने मात्र आपल्यासारखंच केलं. १९१० च्या जनगणनेनंतर त्यांच्या प्रतिनिधिगृहाची संख्या ४३५ ठरली आणि १९२९ च्या कायद्याने ती तिथेच रुतली. तेव्हा एका प्रतिनिधीमागे दोन लाख दहा हजारांच्या आसपास लोक होते, आता साडेसात लाखांच्या वर आहेत. तिकडे तो चिंतेचा विषय आहे. आपण साडेसात लाखांची अट मागे टाकून सत्तर वर्षं उलटली.

लांब कशाला, आपल्याच देशात पैशांच्या वाटणीत हा पेच सोडवून झाला आहे. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना कराचा वाटा ठरवताना २०११ च्या लोकसंख्येला १५ टक्के भार दिला आणि ज्यांनी जन्मदर खाली आणला त्यांच्यासाठी वेगळा १२.५ टक्के ठेवला. सगळे खूश झाले असं नाही. पण लोकसंख्या मोजायची आणि ती आटोक्यात ठेवणाऱ्यालाही न्याय द्यायचा, हे एकाच सूत्रात बसतं हे दिसलं. जागांच्या वाटणीत ते का बसू नये?

माझं मत स्पष्ट सांगतो. कुठल्याच राज्याची आजची एकही जागा कमी होऊ नये. एकूण संख्या वाढवावी, आणि वाढीव जागांपैकी निम्म्या आजच्या वाट्याने, निम्म्या नव्या लोकसंख्येने द्याव्यात. निम्म्याच का, यावर वाद होऊ शकतो. चाळीस-साठ म्हणा हवं तर. पण सूत्र जनगणनेचे आकडे येण्याआधी ठरलं पाहिजे. आकडे हातात आले की प्रत्येक जण आपला फायदा मोजून बोलणार, मग न्यायाची भाषा कुणाच्या तोंडी उरणार नाही.

नवीन संसद भवनाचं उद्‌घाटन २८ मे २०२३ ला झालं. त्यातल्या लोकसभेच्या सभागृहात ८८८ आसनं आहेत. म्हणजे संख्या वाढणार हे बांधणाऱ्यांनी गृहीतच धरलं. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने भारताची लोकसंख्या १४२ कोटींच्या पुढे गेली. सगळ्या ८८८ खुर्च्या भरल्या तरी एका खासदारामागे सुमारे १६ लाख माणसं राहतील, मूळ अटीच्या दुपटीहून जास्त. तेव्हा संख्या वाढवणं म्हणजे उधळपट्टी, असं कुणी म्हणालं तर हा आकडा त्याच्यापुढे ठेवा.

मात्र नुसत्या खुर्च्या वाढवून माझी रांग कमी होणार नाही, हेही मला कळतं. पहिल्या लोकसभेच्या पाच वर्षांत ६७७ बैठका झाल्या होत्या. सतराव्या लोकसभेच्या २७४. निम्म्याहून कमी! दिवसाला २० तारांकित प्रश्न (ज्यांचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचं) लागतात आणि तोंडी उत्तरापर्यंत त्यातले मोजकेच पोचतात. सदस्य आठशे-साडेआठशे झाले आणि बैठका वर्षाला पंचावन्नच राहिल्या, तर आज पाच मिनिटं बोलणारा उद्या तीन मिनिटं बोलेल. मतदारसंघ लहान होईल पण त्याचा आवाजही बारीक होईल. म्हणून संख्येबरोबर दिवस वाढलेच पाहिजेत. वर्षाला किमान शंभर बैठका कायद्याने बांधून घ्या. पक्षादेश पाळावाच लागतो, ते समजू शकतो. पण प्रश्नोत्तराचा तास, शून्य प्रहर, स्थायी समित्या इथे तुम्ही आमचे म्हणून बोलू शकता. ती जागा आकसू देऊ नका.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाला लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली. आज ती ८१ मंत्र्यांची आहे. सभागृह ८०० चं झालं की ती आपोआप १२० वर जाते. खासदार वाढावेत ते आमच्यासाठी. त्यांच्या आडून मंत्रिपदं वाढू नयेत. मंत्र्यांची संख्या आहे तिथेच राहील, असं त्याच दुरुस्तीत लिहून टाका.

महिला आरक्षणाचं तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभेने ते ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर केलं, पण अंमल ठेवला जनगणना आणि पुनर्रचना झाल्यानंतर. म्हणजे जागांच्या भांडणात पुनर्रचना लांबली तर एक तृतीयांश जागाही लांबणार. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत पन्नास टक्के आरक्षण आहे. आमच्या गावची सरपंच बाई आहे. दर ग्रामसभेत नळपाणी योजनेचा हिशेब वाचून दाखवते, आणि लोक उभे राहून तिला प्रश्न विचारतात. तिला सगळे नावाने ओळखतात, ती सगळ्यांना. दिल्लीत असं होणार नाही हे मान्य. पण कुठे गावची दीड हजार माणसं आणि कुठे एका खासदारामागची तेवीस लाखांहून जास्त!

तुमच्यापैकी काही जणांवर आणखी एक जबाबदारी येते. मागच्या वेळच्या कायद्यात परिसीमन आयोगासोबत (मतदारसंघांच्या सीमा आखणारा आयोग) प्रत्येक राज्यातून दहा सहयोगी सदस्य होते, पाच खासदार आणि पाच आमदार. त्यांना मत नव्हतं, पण बोलता येत होतं. आयोगाच्या आदेशाला न्यायालयात सहसा आव्हान देता येत नाही, त्यामुळे जे बोलायचं ते तिथेच आणि तेव्हाच. पुन्हा तशी वेळ येईल तेव्हा तिथे बसणाऱ्या पाच जणांनी आपापला सुरक्षित मतदारसंघ कसा राहील एवढंच पाहू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. प्रस्तावित नकाशे मराठीत, तालुकावार, ग्रामपंचायतीत लावा. हरकतींच्या सुनावण्या फक्त मोठ्या शहरांत नकोत, जिल्ह्याजिल्ह्यात घ्या. २००८ मध्ये आमचा मतदारसंघ गेला ते आमच्या वाडीला कळलं मतदानाच्या चिठ्ठीवर नाव बदललेलं दिसलं तेव्हा.

तुम्ही ४८ जण एक निवेदन काढू शकता. पक्ष बाजूला ठेवून, एक पानाचं. त्यात एवढंच असू द्या : एका खासदारामागे जास्तीत जास्त किती माणसं असावीत याची मर्यादा संविधानात पुन्हा लिहावी, आणि ती किती असावी याबद्दल महाराष्ट्राचं हे मत आहे. आकडा तुम्ही ठरवा. पंधरा लाख म्हणा, सोळा म्हणा. १९४९ मध्ये जी गोष्ट लिहायला संविधान सभेला अवघड वाटली नाही, ती आता लिहायला कुणाची हरकत असेल, तर ती सभागृहात उघडपणे ऐकू येऊ दे.

जाता जाता, मेहुण्याची तब्येत आता बरी आहे. निधीतून रक्कम मंजूर झाली, रुग्णालयात थेट जमा झाली. त्या शिफारसपत्राबद्दल मी मनापासून आभारी आहे. त्या दिवशी वहीत माझ्यानंतर आणखी नव्वदेक नावं होती. त्यांची कामं कुठवर गेली, मला माहीत नाही.

फेब्रुवारी २०२७ मध्ये प्रगणक दारोदार फिरतील. राजापूरच्या आमच्या वाडीत त्यांना चौदा कुलपं दिसतील, काकूच्या घरात एकच नाव लिहिलं जाईल. माझं आणि माझ्या मुलांचं नाव इथे ठाणे जिल्ह्यात लिहिलं जाईल. त्या आकड्यांवरून कुणीतरी नकाशावर रेघा ओढायला बसण्याआधी तुमचं उत्तर यावं, याची वाट पाहतो.

आपला,
ठाणे जिल्ह्यातला एक मतदार,
मूळ राहणार राजापूर तालुका